आधी धुळे की आधी आडगाव?

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतचे. चार एकर द्राक्षबाग आणि मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र. मुलीने एक वर्ष रिपीट करून यंदा नीट दिली, क्लास नाशिकला कॉलेज रोडला होता. राज्याच्या गुणवत्ता यादीत नाव आलंय. आम्ही ओबीसी आहोत. आता एमबीबीएस कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे आणि घरात रोज वाद होतात. मुलीला फक्त मुंबई हवी. केईएमपासून सुरू करून तिने आठच कॉलेजं लिहिलीत. तिचे पप्पा म्हणतात आडगावचं खासगी कॉलेज पहिलं टाक, घराजवळ राहशील. दीर म्हणतात, वर केईएम लिहिलं की मशीन खालचंही देत नाही, हातचं जातं. त्यापेक्षा लोणी टाका, मिळून जाईल. क्लासमधल्या एका ओळखीच्याने यादी करून द्यायचे पंचवीस हजार सांगितलेत. गडचिरोली, हिंगोली टाकायचं का? बीएएमएसचं काय? की अजून एक वर्ष रिपीट करू द्यावं? दिवस थोडे आहेत.
– एक आई, निफाड तालुका

ताई, पत्रात तुम्ही मुलीचा क्रमांक कळवला आहे. तो इथे छापत नाही, तालुक्यात लगेच ओळख पटेल. एवढंच सांगते की गेल्या वर्षीच्या याद्यांवरून पाहिलं तर तो काठावरचा आहे. मुंबईची जुनी कॉलेजं हाताबाहेर, लांबची नवी सरकारी कॉलेजं शेवटच्या फेऱ्यांपर्यंत हाताशी येतील अशी, आणि खासगीत बऱ्यापैकी जागा. अशाच मुलांची यादी सगळ्यात काळजीने करावी लागते. पहिल्या शंभरात आलेल्या मुलाने मनातली चारच नावं लिहिली तरी त्याचं काही बिघडत नाही.

आधी दिरांचं बोलणं निकालात काढू, कारण निम्मा वाद त्यातून आलेला दिसतो. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलचा संगणक गुणवत्ता क्रमाने एकेका मुलापाशी येतो. त्या मुलाची यादी वरून खाली वाचतो, आणि जागा शिल्लक असलेलं जे पहिलं नाव लागेल ते देतो. मग पुढच्या क्रमांकाकडे जातो. तुमच्या मुलीने केईएम, नायर, सायन, जे. जे. अशी चार नावं वर लिहिली आणि त्यातलं एकही मिळालं नाही, तर संगणक पाचव्या नावाकडे जातो. तिथे तिचा क्रमांक तोच राहतो. तिने धुळे पाचवं लिहिलं आणि तिच्या मागच्या मुलाने पहिलं लिहिलं, म्हणून धुळे त्याला आधी मिळत नाही. क्रमांक तिचा वर आहे, जागा तिचीच. म्हणजे वरती स्वप्नं लिहायला एक रुपयाही पडत नाही. केईएम राहू द्या.

नुकसान होतं ते दोन ठिकाणी. यादी लवकर संपली की, आणि क्रम मनाविरुद्ध लावला की. मुलीची आठ कॉलेजांची यादी पहिल्या प्रकारात मोडते. आठही हुकली तर नवव्या जागी संगणकाला वाचायला काहीच नाही, आणि तिच्यापेक्षा खालच्या क्रमांकाची मुलं त्या फेरीत जागा घेऊन जातात. पप्पांची आडगाव-पहिलं यादी दुसऱ्या प्रकारात. आडगावला तिचा क्रमांक लागला तर संगणक तिथेच थांबेल, धुळ्याची किंवा जळगावची सरकारी जागा रिकामी असली तरी खाली बघणारच नाही. "सोपं आहे म्हणून वर टाकलं" हे दर वर्षी ऐकते, आणि दर वर्षी अशी घरं सरकारी जागा आपल्या हाताने सोडतात.

समतोल यादी म्हणून जे म्हणतात ते मला विचाराल तर इतकंच : क्रम इच्छेने लावायचा आणि लांबी वास्तवाने ठरवायची. प्रत्येक ओळीवर मुलीला विचारायचं, "उद्या हेच मिळालं तर बॅग भरशील का?" हो असेल तर नाव राहील, नाही असेल तर खोडायचं. भीतीपोटी लिहिलेलं आणि मिळाल्यावर न घेतलेलं नाव महागात पडतं. कुठल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर पुढच्या फेरीत बसता येतं, कधी अनामत जाते, कधी प्रक्रियेबाहेर पडावं लागतं, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि वर्षागणिक बदलतं. गेल्या वर्षी मावशीच्या मुलाने काय केलं त्यावर जाऊ नका.

तसंच एक जुनं ज्ञान अजून गावोगाव फिरतंय : "आपल्या भागातल्या मुलांना सत्तर टक्के जागा." विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा तो ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी सगळा महाराष्ट्र एक. नांदेड, लातूरची मुलं धुळ्यात येतील, तुमची मुलगी अकोल्याला जाऊ शकेल. त्यामुळे २०२० च्या आधी डॉक्टर झालेल्या नातेवाइकांचा अंदाज आज कामाचा नाही, माणूस कितीही हुशार असला तरी.

आता अंदाज कसा घ्यायचा ते. गुण बघू नका. २०२४ ला नीटमध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं एकापेक्षा जास्त होती आणि सहाशेच्या वर गुण असूनही सरकारी एमबीबीएस न मिळालेली मुलं होती. २०२५ ला पेपर अवघड गेला, देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते, आणि खूपच कमी गुणांवर सरकारी जागा मिळाल्या. कालच्या भावाने आजचा टोमॅटो विकला जात नाही, हे पिंपळगावकरांना मी काय सांगणार. टिकतो तो राज्य गुणवत्ता क्रमांक, आणि तोही ढोबळमानाने, कारण जागा वाढत असतात.

सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर निवड यादी जाहीर करतो. गेल्या वर्षीची पहिली आणि शेवटची, दोन्ही उघडा. एकेका कॉलेजासमोर ओबीसीतून शेवटचा कोणता क्रमांक गेला ते वहीत मांडा. मुलीसाठी तीन रकाने बघायचे : खुला, ओबीसी, आणि महिलांच्या राखीव जागा. सरकारी कॉलेजांत ३० टक्के जागा मुलींसाठी समांतर आरक्षणाच्या असतात, आणि तिथला शेवटचा क्रमांक कधी कधी वेगळा दिसतो. पहिल्या फेरीतच तिच्या क्रमांकाच्या बरंच खालपर्यंत गेलेलं कॉलेज म्हणजे हातातलं. पहिल्या फेरीत हुकलेलं पण शेवटच्या फेरीत तिच्यापर्यंत पोचलेलं म्हणजे वाट बघायचं. शेवटच्या फेरीतही लांब राहिलेलं म्हणजे स्वप्न. वहीतल्या या खुणा फक्त यादी किती लांब हवी ते ठरवायला आहेत. क्रम लावताना वही मिटून ठेवा.

मुलीच्या आठांबद्दल एक. तिला मुंबईच हवी असेल तर मुंबई थोडी रुंद करून बघा. कळव्याचं ठाणे महापालिकेचं राजीव गांधी कॉलेज, कूपर, जी. टी. आणि कामा रुग्णालयांना जोडलेलं नवं सरकारी कॉलेज, अंबरनाथचं नवं सरकारी. ही नावं तिच्या यादीत नाहीत, याचा अर्थ तिला मुंबई हवी आहे की केईएमचं नाव हवं आहे, हे तिलाच विचारा. दोन्ही हवंसं वाटणं चूक नाही. पण निफाडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलं की कल्याण-ठाणे येतंच, आणि रविवारी घरी जेवायला येता येतं ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलीला जूनमध्ये कळत नाही, दिवाळीच्या आधी कळते.

मग आधी धुळे की आधी आडगाव. तुमच्या घरातला खरा प्रश्न हा आहे, केईएम नाही.

पप्पांची बाजू कमी लेखत नाही. आडगावचं डॉ. वसंतराव पवार कॉलेज १९९० पासूनचं आहे, रुग्णालय चालतं आहे, पिंपळगावहून त्याच महामार्गावर अर्ध्या-पाऊण तासात. रात्री मुलीला ताप आला तर बाप तिथे पोचतो. ही भावना पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये मावत नाही, पण ती खरी आहे. मात्र धुळं म्हणजे काही परदेश नाही. तोच मुंबई-आग्रा रस्ता, चांदवड, मालेगाव, धुळे. बस तुमच्या गावावरूनच जाते. भाऊसाहेब हिरे सरकारी कॉलेजाच्या रुग्णालयात खान्देशचा रुग्ण येतो, साक्री-शिरपूरपासूनचा. शिकाऊ डॉक्टरला लागतो तो हात-सरावाचा रुग्ण तिथे कमी पडत नाही. आणि पदवी? सरकारी असो की आडगावसारखं खासगी, दोन्हीकडे परीक्षा घेणार आणि पदवी देणार ते आपलं म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठच. पेपर तोच. गंमत म्हणजे ते विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे, पण नाशिकचं स्वतःचं सरकारी एमबीबीएस कॉलेज यायला २०२४ उजाडलं.

पैशाचं गणित मांडा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिप. फी साडेचार वर्षांची. सरकारीत वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. खासगीत सात-आठ लाखांपासून बारा-तेरापर्यंत. नेमका आकडा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळतो. कॉलेजच्या कार्यालयात फोन करून विचारलेला आकडा धरू नका. वर्षाला दहा लाख धरले तर साडेचार वर्षांचे पंचेचाळीस लाख. त्यात एक बाग नव्याने उभी राहते.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ही माफी लागू नाही. म्हणजे तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून मिळालेल्या आडगावच्या जागेचा हिशोब पार बदलतो. पंचेचाळीस लाखांचा डोंगर उरत नाही.

मात्र "मुलींना फुकट" हे ऐकून लगेच आडगाव वर सरकवू नका. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं बाजूला राहतात. सवलतीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, आणि पैसे सरकारकडून कॉलेजकडे जायला वेळ लागतो. मिस्टरांचं दुकान आहे, बाग आहे. एखाद्या वर्षी द्राक्षाला भाव चांगला लागला आणि उत्पन्न आठच्या वर गेलं, तर त्या वर्षाचे आठ-दहा लाख भरायची तयारी आहे का? एवढा एक प्रश्न नवरा-बायकोनी दार लावून बसून सोडवा, मुलीसमोर नको. उत्तर "जमेल, ओढाताण होईल पण जमेल" असेल तर आडगाव यादीत मानाने लिहा. "नाही जमणार" असेल तर खासगी नावं कमीच ठेवा, आणि जी ठेवाल ती सगळ्यात खाली. सरकारीत मात्र एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा द्यावी लागते. ती मला तोट्याची वाटत नाही.

माझं मत विचाराल तर धुळे, जळगाव, नंदुरबार आडगावच्या वर. उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या आतला असला तरीही. पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसा लागणार आहे, तो आत्ताच संपवू नका. गडचिरोली आणि आडगाव यांच्यात मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. तिथे मुलीचा स्वभाव बघा. काही मुली लांब गेल्या की फुलतात, काही पहिल्या सहामाहीत खचतात. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि इथे आईचा शब्द कटऑफपेक्षा वरचढ धरावा.

नव्या कॉलेजांबद्दल सरसकट नाक मुरडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत चंद्रपूर, गोंदिया, जळगाव, नंदुरबार, सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी, रत्नागिरी आली. इमारत अपुरी, प्राध्यापक कमी, मुलींचं वसतिगृह भाड्याच्या जागेत, या तक्रारी खऱ्या असतात. पण रुग्णालय बहुतेक ठिकाणी जुनं जिल्हा रुग्णालयच असतं, म्हणजे रुग्णांची वानवा नाही. शिवाय पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया वगैरे शिकून मुलगी वॉर्डात पोचेपर्यंत कॉलेजही थोडं मार्गी लागलेलं असतं. या नावांचा आपसात क्रम लावताना मी दोन गोष्टी बघेन : मुलींचं वसतिगृह आवारात आहे का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी फोनवर काय सांगते. असा नंबर क्लासमधून सहज मिळतो. त्यासाठी पंचवीस हजार लागत नाहीत.

त्या ओळखीच्याबद्दल एवढंच. यादी करून देणं गुन्हा नाही, पण तो जे करणार ते वर लिहिलंय, एका वहीचं आणि दोन संध्याकाळींचं काम आहे. "जागा करून देतो" असं म्हणाला तर मात्र फोन ठेवा. एमबीबीएसची जागा नीट आणि गुणवत्ता क्रमांकाशिवाय मिळत नाही. फॉर्मचा पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका, दिरांनाही नाही.

आता लोणी. लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठ आहे. राज्याच्या कॅप यादीत ते नाव सापडणारच नाही. अभिमतच्या सगळ्या जागा दिल्लीहून, एमसीसी म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून भरल्या जातात. त्यासाठी वेगळी नोंदणी, पाच हजार शुल्क आणि दोन लाख अनामत. फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या आसपास किंवा पुढे, आणि मुलींची माफी तिथे नाही. चार एकर बागेवर हे नाव लिहू नये असं मला वाटतं, आणि ते दिरांना तुमच्याऐवजी मी सांगितलं असं सांगा. विखे पाटलांच्या नावाचं नगरला विळद घाटात दुसरं एक कॉलेज आहे, ते खासगी, राज्याच्या यादीतलं. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. तसंच धुळ्यात सरकारी हिरे आणि खासगी एसीपीएम, जळगावला सरकारी आणि खासगी उल्हास पाटील, संभाजीनगरला सरकारी घाटी आणि अभिमत एमजीएम. गावाच्या नावावर कधी क्लिक करू नका. कोड क्रमांक वहीत लिहा आणि त्यावरून भरा. घोटीजवळचं एसएमबीटी खासगी आहे आणि कॅपमध्येच आहे. आडगाव लिहिणार असाल तर त्याच्या खाली लिहायला हरकत नाही.

एमसीसीचा विषय निघालाच आहे तर देशपातळीच्या १५ टक्के सरकारी जागांसाठीही नोंदणी करा. अनामत ओबीसीला पाच हजार आहे, ती नियमात राहिलं तर परत मिळते. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन क्रीमी लेयर दाखला वेगळा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. त्या यादीत देशभरची नावं दिसतील आणि डोळे फिरतील. नकाशा घेऊन बसा. सुरत नाशिकहून नागपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. पण त्या राज्याचा सेवेचा बॉण्ड आणि दंड आपल्यापेक्षा वेगळा असतो, लिहिण्याआधी तो वाचायचा. आणि दोन्हीकडच्या फेऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात : पहिल्या फेरीत सहज बाहेर पडता येतं, पुढे पुढे ते महाग आणि मग अशक्य होत जातं. म्हणून कॅलेंडरवर दोन रंगांनी दोन्हीकडच्या तारखा लिहून ठेवा.

पहिल्या फेरीत काही मिळालं की बहुतेक घरं एका जागी चुकतात. समजा तिला नंदुरबार मिळालं. जाऊन प्रवेश घ्या. मग स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे "मी इथे समाधानी, मला पुढे धरू नका". धुळ्याची आशा असेल तर तो भरायचा नाही. आणि पुढच्या फेरीला पसंती पुन्हा भरायला सांगतात, तेव्हा जुनी यादी जशीच्या तशी उतरवायची नाही. आता फक्त नंदुरबारपेक्षा खरोखर जास्त आवडणारी नावं लिहायची. कारण वरचं काही मिळालं की नंदुरबारची जागा त्याच क्षणी दुसऱ्याची झाली, परत येता येत नाही. गडबडीत पूर्ण यादी भरून नंदुरबारवरून हिंगोलीला गेलेली मुलगी पाहिली आहे, आणि ती नंदुरबारला रुळली होती.

कागदांचं लांबवत नाही : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन क्रीमी लेयर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला. यातली जात वैधता सगळ्यात जास्त रडवते. ती हातात नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी त्याच्या मागे लागा, यादी नंतर.

बीएएमएसचा पसंती फॉर्म एमबीबीएसपेक्षा वेगळा असतो, फेऱ्याही वेगळ्या. त्यामुळे एमबीबीएसच्या यादीत तो कुठे बसवायचा हा प्रश्नच येत नाही. भरायचा की नाही, हे मात्र मुलीने ठरवायचं. "एमबीबीएस नाही तर नाइलाजाने" म्हणून आयुर्वेदाला गेलेली मुलं साडेपाच वर्षं तोंड पाडून बसतात. पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या ओपीडीत एक सकाळ तिला घेऊन जा. बाहेर येऊन ती काय बोलते, त्यावर फॉर्म.

आणि पुन्हा रिपीट? यंदा कुठलंही सरकारी एमबीबीएस मिळत असेल तर माझं उत्तर नाही. केईएमसाठी एक वर्ष आणखी घालवायचं, तर तिला आत्ताच्या क्रमांकावरून शेकड्यांत यावं लागेल; हजारभर मुलं ओलांडणं आणि वरच्या काही शेकड्यांत शिरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एक वर्ष ती घालवून बसलीच आहे. पण सगळ्या फेऱ्या संपून हातात काहीच आलं नाही आणि तिला स्वतःला पुन्हा बसायचं असेल, तर तेव्हा मला लिहा, वेगळं बोलू.

आज रात्री एवढं करा. मुलीची आठ नावं तशीच ठेवून, त्यांच्याखाली तिलाच पुढची नावं लिहू द्या. पप्पांनी पेन हातात घ्यायचं नाही, फक्त प्रत्येक खासगी नावासमोर "झेपेल" किंवा "नाही" असं सांगायचं. क्रम लावून झाला की एक झोप घ्या. फॉर्म लॉक करण्याआधी सकाळी एकदा कोड क्रमांक वहीशी ताडून बघा, आणि लॉक केल्यावर त्याची प्रिंट काढून ठेवा. पुढच्या फेरीला यादी भरताना मागची समोर लागते.